वयावरून अंदाज बांधता येतो, निदान नाही

एकांनी विचारलं आहे की पस्तिशीत पहिल्यांदा हृदयाची अचानक धडधड झाली, म्हणजे जन्मजात दोष नसणारच ना? तसं ठामपणे म्हणता येत नाही.

वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट (१९३० साली या तीन डॉक्टरांनी वर्णन केलेला धडधडीचा प्रकार) यात हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची एक जादा वाट जन्मापासूनच असते. त्यामुळे त्रास बहुधा लहानपणी किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. एव्ही नोडमध्येच (वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश नेणारा हृदयातला नेहमीचा सांधा) विद्युतप्रवाह गोल फिरत राहतो, तो प्रकार सरासरीने उशिरा, तिशीच्या आसपास दिसू लागतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे अनियमितपणे थरथरणं) मात्र मुख्यतः साठीनंतरचं दुखणं. पण या वयांची सरमिसळ खूप आहे. जादा वाट असूनही कित्येकांना चाळिशीपर्यंत काहीच जाणवत नाही.

माझ्या मावसबहिणीला बाविसाव्या वर्षापासून अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड व्हायची, गळ्यातही ठोके जाणवायचे. सगळे म्हणायचे, टेन्शन घेतेस. धडधड चालू असताना ईसीजी निघाला तो थेट एकतिसाव्या वर्षी, आणि एव्ही नोडचाच प्रकार निघाला. नऊ वर्षं वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.