मुक्तस्रोत प्रकल्पाचा परिचय लेख नक्की कोणासाठी लिहायचा?

गिरणगावकर

गेल्या वर्षी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, आणतं. निमित्त घरचंच. आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या १९९८ ते २००९ या वर्षांच्या स्मरणिका एका सीडीवर सापडल्या. फाइल उघडली की रोमन अक्षरं, डॉलर, टक्के आणि मधूनच एखादं उलटं प्रश्नचिन्ह. तो फॉन्ट बसवला तर मराठी दिसतं, पण शोधता येत नाही आणि फोनवर पाठवलं की पुन्हा खिचडी.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या (साप्ताहिकाचा संबंध नाही, शब्द सोयीचा आहे म्हणून). जुने फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने अक्षरं साठवतात: म, काना, वेलांटी, म, रफार, क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी उचलून मागे न्यायची आणि रफार उचलून पुढे आणायचा. जोडाक्षर मध्ये आलं की दोघांची टक्कर.

झालं एकदाचं. कोड मुक्तस्रोत म्हणून, म्हणजे कोणीही पाहावा, वापरावा, बदलावा असा, खुला केला आणि ओळख म्हणून एक लांबलचक लेख लिहिला. त्याचं पहिलं वाक्य: ‘हे पायथॉनमध्ये लिहिलेलं, वजनाला हलकं, मॉड्युलर आणि विस्तारक्षम असं नियमाधारित रूपांतर-इंजिन आहे.’ सहा महिन्यांत अकरा तारे (तिथली पसंतीची खूण) मिळाले. तीन ऑफिसातल्यांचे, एक माझा.

मग दादरला एका छापखान्यात मुद्रितशोधन करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांच्याकडे असल्या फायलींचा ढीग. हौसेने लेख दाखवला. त्यांनी फोनवर पहिला परिच्छेद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “हे माझ्या उपयोगाचं आहे की नाही, ते आधी सांगा ना.”

त्याच रात्री सुरुवात बदलली:

‘तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फायली आहेत आणि उघडल्यावर नुसता कचरा दिसतो? ती फाइल इथे द्या, वाचता आणि शोधता येईल अशी फाइल परत मिळेल. सध्या दोनच फॉन्टांवर चालतं. तक्ते आणि तळटीपा विस्कटतात. विंडोजवर चालवून पाहिलं आहे, मॅकवर नाही.’

माझं म्हणणं एवढंच की पहिला परिच्छेद वापरणाऱ्याचा. एक ‘आधी’, एक ‘नंतर’, आणि कुठे चालत नाही ते तिथल्या तिथे. भाषा, रचना, चाचण्या सगळं खाली. ऑफिसातल्या मित्रांना हे साफ नामंजूर आहे, म्हणून इथे काथ्याकूट.

रूटयूजर

मलाही नामंजूर. कोड चांगला असेल तर लोक येतात. ओळखीसाठी कोडसोबत रीडमी (‘मला वाचा’) फाइल असते. तिचं नाव मोठ्या अक्षरांत का, तर जुन्या यंत्रणांत मोठी अक्षरं यादीत आधी यायची, म्हणून ती सगळ्यात वर दिसावी. माणसं पन्नास वर्षं तेवढ्यावर काम चालवत आहेत. वेगळा ‘परिचय लेख’ म्हणजे लोकलमध्ये “बघायचे पैसे नाहीत ताई” म्हणत कानातले विकण्यातला प्रकार.

आणि तुमचा जुना परिच्छेद मला जास्त आवडला. पायथॉन आहे, नियमाधारित आहे, म्हणजे एआय मॉडेल वगैरे भानगड नाही. मी तीन सेकंदांत ठरवलं असतं. नवीन परिच्छेदात माझ्या कामाचं काहीच नाही. प्रकल्प टिकतो तो हातभार लावणाऱ्यांवर, वापरणाऱ्यांवर नाही.

लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली घोषणा काढून बघा. कुठला आलाय लेख? एका विद्यार्थ्याने खरडलेला निरोप.

गिरणगावकर

बरं झालं तुम्हीच काढलंत. २५ ऑगस्ट १९९१ चा तो निरोप पुन्हा एकदा वाचा. शीर्षकातच मिनिक्स ही आधीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना विचारलंय की तुम्हाला त्यात काय हवंय. मग काय बनवतोय: ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरवर चालणारी मुफ्त ऑपरेटिंग सिस्टिम, केवळ छंद म्हणून, ग्नू या प्रकल्पासारखी मोठी होणार नाही. आजवर काय चालतं: बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० ही दोन सॉफ्टवेअर. काय चालणार नाही: दुसऱ्या प्रोसेसरवर नेता येणार नाही आणि एटी हार्डडिस्कखेरीज काही बहुधा कधीच चालणार नाही. मोजक्या ओळींत सगळं आलं. ज्यांच्यासाठी लिहिलं ते मिनिक्सवालेच होते, म्हणून त्यांच्या भाषेत लिहिलं. माझे वाचक छापखान्यात बसतात, मी त्यांच्या भाषेत लिहितो. पुढे ती दोन्ही भाकितं चुकली, ही गोष्ट वेगळी.

रूटयूजर

वाचकांना ओळखून लिहिलं, मान्य. पण त्यांचे वाचक कोड लिहिणारे होते, हे तुम्ही हळूच बाजूला सारलंत. तुमच्या छापखान्यातून पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, येणार आहे का?

कोबोलकाका

मी सीप्झमध्ये नोकरीला लागलो तेव्हा तुमच्यापैकी अर्धे जन्मलेही नसतील, त्यामुळे थोडी वडीलकी. ‘कुठे चालत नाही’ हे वर लिहिण्याबद्दल गिरणगावकरांना पूर्ण पाठिंबा. यात नवीन काही नाही. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि त्यात आज्ञांच्या पानांवर ‘बग्ज’ (चुका) असा स्वतंत्र मथळाच आहे. लिहिणारेच सांगतात की बाबा, हे इथे फसतं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या संकेतस्थळावरही कधी वापरावं आणि कधी दुसरा डेटाबेस बरा, याचं अख्खं पान आहे. आमची स्पर्धा मोठ्या डेटाबेसशी नाही, एफओपनशी आहे, म्हणजे साधी फाइल उघडण्याशी, असं ते स्वच्छ लिहितात. या एका वाक्याने मला जेवढं कळलं तेवढं दहा पानांनी कळलं नसतं.

मात्र “तुमच्याकडे अमुक आहे का?” ही प्रश्नार्थक सुरुवात मला डोक्यात जाते. केसगळतीच्या तेलाची जाहिरात वाटते. सरळ विधान करा.

सव्वानऊची बदलापूर

सगळे लेखावर बोलताय, लेखानंतर काय होतं त्यावर कोणी बोलत नाहीये. माझा अनुभव सांगते.

मीही एक छोटं साधन खुलं केलं होतं. सोसायटीच्या देखभाल बिलांचं. लेख अगदी तुम्ही म्हणता तसा लिहिला, चित्रांसकट, आमच्या सेक्रेटरीकाकांना कळेल असा. कळला, त्यांनाही आणि इतरांनाही. दोन आठवड्यांत इनबॉक्स भरला. “मॅडम, आमच्याकडे पार्किंगचा वेगळा दर आहे, तेवढं टाकून द्या.” “मॅडम, एक्सेल पाठवतोय, बिलं करून पाठवा.” एकाने रात्री साडेअकराला फोन केला, उद्या सर्वसाधारण सभा आहे म्हणून. नंबर कुठून मिळाला देव जाणे. सॉफ्टवेअरच्या वापर-परवान्यात ‘जसं आहे तसं, कुठलीही हमी नाही’ असं लिहिलेलं असतं, पण तो परवाना कोण वाचतं? मी ठाण्यापर्यंत उभी, एका हाताने कडी, दुसऱ्या हाताने उत्तरं. चार महिन्यांनी रेपो (कोड ठेवलेली जागा) बंद करून टाकला.

म्हणून माझं मत उलट आहे. लेख थोडा अवघडच असावा. ज्याला ते पहिलं वाक्य झेपत नाही त्याला पुढची दुरुस्तीही झेपणार नाही, आणि त्याचं ओझं शेवटी फुकट राबणाऱ्या माणसावर येतं. रूटयूजर यांना पॅचची पडली आहे, मला माझ्या रविवारची.

पोह्यांवर लिंबू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेख कशाला, व्हिडिओ करा. पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल बघा, दहा मिनिटांच्या आतबाहेरचे, मराठीतही आहेत. शेजारी खिडकी उघडून बरोबर करत जायचं.

गिरणगावकर

@लिंबू, ते शिकायला उत्तमच. पण हे आपल्या कामाचं आहे का, हे ठरवायला कोणी दहा मिनिटं देत नाही. फॉन्टची यादी बदलली की व्हिडिओही पुन्हा करा.

@बदलापूर, तुमचं मात्र लागलं. याचा विचारच केला नव्हता.

काना_मात्रा

दादरच्या त्या मुद्रितशोधक बाई म्हणजे मी. गिरणगावकरांनी दुवा पाठवला म्हणून आले.

बदलापूरताई, तुमचा त्रास खरा आहे, पण उपाय पटला नाही. अवघड लेखाने कोण अडलं? रात्री फोन करणारे अडत नाहीत, ते लेख वाचतच नाहीत. अडले ती मी. माझ्या अकराशे पानांच्या फायली आहेत आणि कुठला काना कुठे पडला ते मी झोपेतही सांगेन. मला पायथॉन येत नाही, पण चुकांची यादी देता येते. रूटयूजर, तुमच्या हिशेबात हा हातभार धरतात की नाही?

राहिला फोनांचा त्रास, तर लेखातच लिहा ना: फोन करू नये, फायली पाठवू नयेत, चूक दिसली तर मूळ ओळ आणि आलेली ओळ अशी जोडी पाठवावी, उत्तर रविवारीच मिळेल. छापखान्यात पाटी असते, ‘तातडीची कामे घेतली जात नाहीत’. कोणाला राग येत नाही.

आणि गिरणगावकर, नवीन परिच्छेद छान असला तरी त्याखालची ‘बसवून घ्या’ ही एक ओळ मला दोन तास पडली. काळी खिडकी उघडली आणि पुढे काय, ते कुठेच नाही. शेवटी भाच्याला बोलावलं.

सव्वानऊची बदलापूर

पाटी लावली होती हो ताई. पाटीखालीच लोक उभे राहून विचारतात. पण जोडी पाठवण्याची अट चांगली आहे. तेवढी केली असती तर निम्मे निरोप आलेच नसते.

रूटयूजर

चुकांची जोडी म्हणजे तयार चाचणी. तो हातभार धरतात, शब्द मागे घेतो.

लेखाबद्दलचा मात्र नाही. आत्ताच रेपो उघडून पाहिला. गिरणगावकर, तुमच्या गोड लेखात ‘मुक्तस्रोत’ हा शब्द चार वेळा आहे आणि रेपोत परवान्याची फाइलच नाही! परवाना नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. कोड दिसतो म्हणून तो वापरता, बदलता किंवा वाटता येत नाही. म्हणजे पहिल्या परिच्छेदावर एवढं घासलेत आणि खरी पहिली ओळ राहूनच गेली.

गिरणगावकर

😳 बरोबर. एमआयटी नावाचा खुला परवाना टाकायचा ठरवून राहून गेला. आजच टाकतो आणि लेखात ‘दोनच फॉन्टांवर चालतं’च्या शेजारी लिहितो.

कोबोलकाका

आणि तो फॉन्ट स्वतः तुमच्या रेपोत टाकू नका म्हणजे झालं. तो विकतचा असतो. दाखवायला मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट घ्या, ‘एक टाइप’ या संस्थेचे आहेत, मुंबईतलेच, आणि खुल्या परवान्याचे.

काना_मात्रा

काल रात्री एक स्मरणिका चालवून पाहिली. एकशे चार पानं, बऱ्यापैकी स्वच्छ. एक जोडी देते.

मूळ: सह्याद्रीच्या दऱ्या ओलांडून
आलेली: सह्याद्रीच्या दर्या ओलांडून

आमच्या मंडळाने डोंगरात समुद्र ओलांडला.

गिरणगावकर

अरे देवा. रफार म्हणून सरसकट ‘र, हलन्त’ टाकतोय. इथे नुक्त्याचा ऱ हवा, मग हलन्त, मग य.

रूटयूजर

जुन्या फॉन्टात अर्ध्या र ची आडवी रेघ वेगळ्या जागी असते. तुमच्या तक्त्यात ती आणि रफार एकाच ओळीत टाकलेत, ओळ दोनशे बारा. पॅच पाठवलाय, चाचणीत ताईंचीच जोडी घातली आहे. परवाना टाकलात की घ्या, त्याआधी नको.

लेखाची सुरुवात अजूनही जाहिरातीसारखीच वाटते.