कॅम्प हूडचं उशीचं कव्हर: युद्धकाळातलं की नंतरचं? धुवावं का?

सांदीकोपरा: अमेरिकेत टेक्ससमधल्या कॅम्प हूड या लष्करी तळाचं उशीचं कव्हर घेतलंय. साधारण 17 इंची चौकोन, चकचकीत पिवळट कापड, चारी कडांना झालर. मधे रणगाडा जबड्यात धरलेला काळा बिबट्या, खाली 'मदर' आणि चार ओळींची कविता. डाग आहेत, घडीवर धागे विरलेत. दुसऱ्या महायुद्धातलंच ना? धुऊन फ्रेम करायचा विचार आहे.

जुनाबाजार: खूण चांगली आहे. तो बिबट्या टँक डिस्ट्रॉयर दलाचा, म्हणजे शत्रूचे रणगाडे फोडणाऱ्या अमेरिकी तुकड्यांचा. त्यांचं प्रशिक्षण केंद्र कॅम्प हूडलाच होतं आणि युद्धानंतर ते दलच मोडीत निघालं. हा तळ 1942 मध्ये सुरू झाला, 1950 मध्ये त्याचा 'फोर्ट हूड' झाला. म्हणजे 'कॅम्प' छापलंय तर आधीचं, 'फोर्ट' असेल तर नक्की नंतरचं. नुसतं 'कॅम्प' पाहून मात्र युद्धकाळ ठरवू नका, 1946 ते 50 मधेही तेच नाव होतं. बिबट्यामुळे तुमची बाजू भक्कम होते.
शिवणीचा आतला दोरा 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली बघा. निळा-पांढरा लखलखला तर दोरा नंतरच्या काळातला असल्याचा संशय घ्या.

टाकाधागा: टॉर्चबद्दल एक सांगते. आजच्या साबण पावडरीत ब्राइटनर, म्हणजे यूव्हीखाली चमकणारी, कपडे उजळ दाखवणारी रसायनं असतात, त्यामुळे कुणी मधे कधी धुतलं असेल तर अस्सल जुनं कापडही चमकतं. फक्त दोराच चमकतोय की सगळं कव्हर, ते आधी पाहा.

आणि कृपा करून धुऊ नका! ही कव्हरं बहुतेक रेयॉनची. ओलं झालं की रेयॉनची ताकद निम्म्यावर येते. घडीवर विरलेला भाग पाण्याच्या वजनानेच फाटेल. त्यात छपाईचा रंगही फुटतो. डागांवर नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको. कापड रेयॉनसारख्याच दिसणाऱ्या ॲसिटेटचं निघालं तर रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने तिथेच विरघळेल.
कव्हरवर मच्छरदाणीची जाळी पसरा आणि व्हॅक्यूम अगदी कमी ओढीवर, जाळीच्या वरूनच फिरवा. झालर मऊ ब्रशने, मुळापासून टोकाकडे. याने धूळ जाईल. डाग राहू द्यावेत, फाटल्याने किंमत जास्त पडते.

सांदीकोपरा: आत जुना फोम भरलेला आहे. इस्त्री चालेल?

टाकाधागा: फोम आजच काढा. तो भुगा होऊन कापडाला चिकटतो. इस्त्री नको, छपाई मखमली असेल तर तिचा गोंद सुटतो. पालथं पसरा, घडीवर ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) टिश्यू कागद आणि वर काचेची सपाट पट्टी, दोन-तीन दिवस. फ्रेममधे गोंद किंवा दुहेरी टेप नको: सुती कापड ताणलेल्या ॲसिड-फ्री बोर्डावर कडेच्या शिवणीतून बारीक टाके घाला, विरलेल्या भागातून सुई नको. काच कापडाला टेकता कामा नये, मधे अंतर राखणारी पट्टी (स्पेसर) हवीच. भिंत उन्हाची किंवा ओलीची नको. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फ्रेमची पाठ उघडून बुरशी तपासा.

जुनाबाजार: फ्रेम करण्याआधी मागच्या बाजूचा आणि शिवणीचा फोटो काढून ठेवा. पुढे विकायचं झालं तर घेणारा आधी तेच मागतो.