बाळंतपणानंतरच्या ग्रुप सीबीटीला (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) कोणी गेलंय का?

मिसिसागाची_मी: लेक साडेतीन महिन्यांची आहे. आई आली होती तोवर डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं झालं, पण ती परत गेल्यापासून सकाळ झाली की छातीत धस्स होतं आणि लेक रडायला लागली की मलाच रडू फुटतं. इथे कॅनडात पब्लिक हेल्थच्या नर्सने बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासायचा तो दहा प्रश्नांचा एडिनबरावाला फॉर्म भरून घेतला, ३० पैकी १६ आले. आता म्हणते ९ आठवड्यांचा ग्रुप आहे, दर आठवड्याला दोन तास, ऑनलाइन. अनोळखी बायकांसमोर इंग्रजीत काय सांगू, की कधी कधी बाळ नकोसं वाटतं? नवरा म्हणतो असं बोललीस तर बाळ काढून घेतील.

कांदेपोहे७: मी गेलेय गं, दोन वर्षांपूर्वी. पहिल्या दिवशी कोणी कोणाची कहाणी विचारत नाही. एक कागद असतो, काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. माझं होतं "रात्री तीनला रडली म्हणजे मी वाईट आई." पुराव्याच्या रकान्यात लिहायला बसले तर एवढंच निघालं की तिला भूक लागली होती. गृहपाठ पण असतो, मला रोज दहा मिनिटं स्ट्रोलर घेऊन बाहेर पडायचं होतं, बर्फात, शिव्या घालत केलं. चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडणार होते तेवढ्यात ब्रॅम्प्टनची एक पंजाबी बाई म्हणाली ती नळ सोडून बाथरूममध्ये रडते. मी पण तेच करायचे!! "नकोसं"ला इंग्रजी शब्द मला शेवटपर्यंत नाही सापडला, पण सगळ्यांना कळलं.

मडगावकर_ताई: मी समुपदेशक आहे. असा विचार येणं खूप कॉमन आहे, नुसतं तेवढं सांगितलं म्हणून बाळ काढून घेत नाहीत, नवऱ्यालाच नर्सशी बोलायला बसव. पण दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचा, त्यात शून्य नसेल, किंवा बाळ झोपलं तरी तुला झोपच नाही, भलते आवाज ऐकू येतायत, तर ग्रुपची वाट बघू नकोस, सरळ इमर्जन्सी नाहीतर ९८८ ला (तिथली आत्महत्येच्या विचारांसाठीची हेल्पलाइन) फोन. औषध लागलं तरी घाबरू नको, सर्ट्रालीन (नैराश्यावरची गोळी) अंगावर पाजताना बऱ्याचदा देतात. नऊ आठवडे झेपणार नसतील तर तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी एका दिवसाच्या ऑनलाइन सीबीटी वर्कशॉपवर अभ्यास केलाय, २०२१ मध्ये छापून आला, ऑन्टारियोतल्याच आया होत्या, फायदा दिसला. आमच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून सखी म्हणून घरोघरी पाठवलं होतं. ग्रुप नव्हता तो, पण समोर डॉक्टर नसून शेजारचीच कोणी आहे म्हटल्यावर बायका बोलतात.

मिसिसागाची_मी: दहाव्याला शून्यच आहे. नाव दिलं, मंगळवारपासून सुरू. बाळ मांडीवर घेऊन बसलं तर चालतं का?

कांदेपोहे७: चालतं. माझी मध्येच ओकली आणि मी म्यूट करायला विसरले होते.