शब्दचर्चा: ‘लोकसहभाग’ म्हणजे वर्गणीच का?

सांगावा: ग्रामपंचायत सदस्यांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय असा, की साथ आल्यावर काय बंद ठेवायचं आणि काय सुरू, हे ठरवताना लोकांना कसं सामील करून घ्यावं. मी सगळीकडे ‘निर्णयांत लोकसहभाग’ लिहिलं. मसुदा एका माजी सरपंचांना दाखवला, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, “घरटी किती रुपये बसतील?” दुसरा शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर: सरपंचांचं काय चुकलं? ‘लोकसहभागातून बंधारा’ अशी बातमी येते तेव्हा पैसा लोकांचा, घाम लोकांचा, आणि बंधारा कुठे घालायचा ते आधीच ठरलेलं. २०२१ मध्ये आमच्याकडे लोकसहभागातून कोविड सेंटर झालं. गाद्या, अंडी, किराणा गावांनी पुरवला. जागा कुठली घ्यायची हे मात्र कोणी विचारलं नाही.

मात्राचोर: मग ‘सहभागिता’ करा. थोडं भारदस्त वाटतं.

शुद्धमती: कृपा करा! ‘सहभाग’ हे नाम असताना त्याला हिंदीतली शेपटी कशाला?

मात्राचोर: ‘उपयोग’ असताना ‘उपयोगिता’ चालते तुम्हाला. शेपटी फक्त आम्ही लावली की दिसते.

गावकुसाबाहेर: नामाचा हट्टच सोडा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा बघा, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’. तिथे सहभाग कुणी कुणात घ्यायचा? सरळ ‘गावाने ठरवणं’ लिहा. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे होते, तेव्हा पालकांशी बोलून ग्रामपंचायतीने ठराव करावा असं शासनाने सांगितलं होतं. आमच्या बैठकीला मी होतो. एक पालक म्हणाले, पोरं दिवसभर एका विहिरीत पोहतात, शाळेतच काय होणार आहे? आशाताईंनी ताप असलेली घरं सांगितली आणि तिथली मुलं सध्या नकोत म्हणाल्या. त्यावर बरंच वाजलं. शेवटी ताईंची अट घालूनच ठराव झाला, सूचक-अनुमोदकासह. याला आमच्याकडे कोणी लोकसहभाग म्हटलं नाही. ‘ठराव घेतला’ एवढंच.

सांगावा: पण ‘ठराव’ हा शेवट झाला. त्याआधीच्या बोलण्याला काय म्हणू? ‘हरकती व सूचना’ कसं वाटतं?

बोरूबहाद्दर: हरकत घ्यायला आधी कुणीतरी ठरवलेलं असावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच.

शुद्धमती: ‘विचारविनिमय’ हा चांगला शब्द धूळ खात पडलाय.

मात्राचोर: तो इतिवृत्तात असतो. ‘सखोल विचारविनिमय होऊन’ म्हणजे सगळ्यांनी चहा घेतला.

बोरूबहाद्दर: ‘जनता कर्फ्यू’चा विग्रह कोणी करेल का? जनतेने लावलेला की जनतेला लावलेला? २२ मार्च २०२० चा तर पंतप्रधानांनी जाहीर केला. त्याच सप्टेंबरात नागपुरात शनिवार-रविवारचा झाला, त्याचं आवाहन महापौरांचं.

शुद्धमती: आधी ‘संचारबंदी’ म्हणा, मग विग्रह करू.

गावकुसाबाहेर: संचारबंदी प्रशासन लावतं हो, जनता कशी लावेल? आणि २०२० मध्ये हाताशी धरलेला साथरोग कायदा १८९७ चा, मुळात चार कलमांचा. लोकांना विचारा असं त्यात कुठेच नाही. प्लेगात रँडने पुण्यात घरांच्या झडत्या घेताना तरी कुणाला विचारलं होतं? शब्द नाही, कारण रीतच नव्हती.

बोरूबहाद्दर: रीत नव्हती कशी? प्लेगात गावंच्या गावं उठून रानात झोपड्या घालून राहिली. तेही कुणीतरी बसून ठरवलंच असेल ना!

मात्राचोर: पाटलाने ठरवलं असेल. त्याला लोकसहभाग म्हणायचं असेल तर म्हणा.

सांगावा: बरं, पुस्तिकेत ‘जोखीम व्यवस्थापन’ही आहे. ते तरी राहू दे ना?

शुद्धमती: जोखीम ‘जोखणे’वरून आलाय, असं माझं ठाम मत आहे. तोलून घ्यायची ती जोखीम. राहू द्या.

बोरूबहाद्दर: ठाम मत म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. आमची आजी प्रवासात दागिन्यांना जोखीम म्हणायची. “जोखीम अंगावर आहे, खिडकीशी बसू नकोस.”

मात्राचोर: आमच्याकडे ‘जोखम’. दीर्घ ‘खी’ पुणेरी दिसतो.

शुद्धमती: ‘जोखीम’ कोशात आहे, पुण्यात नव्हे.