अल्फाबेटच्या तक्त्यात डीपमाइंड कुठे दाखवायचं?

मंडळी, मदत हवी आहे. बेळगावात एमबीए करतोय, प्रोजेक्ट अल्फाबेटच्या रचनेवर. 2015 मध्ये गूगलच्या वर अल्फाबेट ही होल्डिंग कंपनी (इतर कंपन्यांची मालकी धरणारी) आली, इथपर्यंत कळलं. वार्षिक अहवाल चाळला. त्यात गूगल सर्व्हिसेस, गूगल क्लाउड आणि अदर बेट्स (गूगलबाहेरचे इतर उद्योग) हे तीनच विभाग. 2023 मध्ये गूगल ब्रेन आणि डीपमाइंड हे दोन एआय संशोधन गट एकत्र करून गूगल डीपमाइंड केलं, पण एआय मॉडेल्स घडवण्याचा सामायिक खर्च या तिन्हींत नाही. तो अल्फाबेटच्या पातळीवर वेगळा धरलाय. नाव गूगलचं, खातं अल्फाबेटचं!

विकिपीडिया सरांना चालत नाही आणि पैसे भरायचे डेटाबेस कॉलेजकडे नाहीत. फुकट वाचता येईल असं काही सुचवा, मजकूर इंग्रजी, कन्नड कसाही चालेल. तक्ता काढताना हिशेबाचे विभाग धरायचे की कोण कुणाला रिपोर्ट करतं ते?