चूक कुणाची, हे सिद्ध करायची गरज नाही

गाडी रुळावरून घसरून झालेल्या अपघाताच्या भरपाईबद्दल 'चौकशी पूर्ण होऊन रेल्वेची चूक ठरल्याशिवाय पैसे मिळत नाहीत' असं एकाने म्हटलंय, ते बरोबर नाही. रूळ थंडीत तडकला की वेल्डिंग सुटलं, हे रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासतील, आणि ते कसून तपासायलाच हवं. पण जखमींच्या घरच्यांनी त्यासाठी थांबू नये. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १२४नुसार चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. मृत्यूसाठी ८ लाख, जखमांसाठी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत. गाडी ओडिशात घसरली तरी पुणेकराला तिकडे जावं लागत नाही, मुंबईच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. घटनास्थळी जाहीर होणारं सानुग्रह अनुदान वेगळं, ते घेतलं म्हणून हा हक्क जात नाही.

तिकीट हरवलं म्हणून कृपया कुणी गप्प बसू नका! रीना देवी प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की निव्वळ तिकीट नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. प्रतिज्ञापत्र देता येतं. मोबाइलवरचा पीएनआरचा मेसेज, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पंचनाम्याची प्रत मात्र आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा.