'पार्टनर' भागीदार, तर 'अलाय' कोण?

टिपकागद: एका लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. वाक्य साधंच: भारत अमेरिकेचा 'पार्टनर' आहे, 'अलाय' (ally) नाही. मी लिहिलं, "भारत अमेरिकेचा भागीदार आहे, मित्रराष्ट्र नाही." लगेच संपादकांचा फोन: "अहो, मग काय शत्रू आहे?" त्यांचंही खरंच. क्वाड म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट. त्यातल्या ऑस्ट्रेलियाचा अमेरिकेशी 1951 पासून संरक्षण करार आहे, जपानशी आताचा करार 1960चा. आपला तसा करार नाही. हा फरक दाखवणारा शब्द हवाय.

शेंगदाणा: महायुद्धाच्या धड्यात 'दोस्त राष्ट्रे' होती की! "भारत अमेरिकेचा दोस्त नाही" असं लिहा. 2025च्या ऑगस्टात 50 टक्के आयातशुल्क लागल्यावर कोण हरकत घेणार?

शुद्धमती: दोस्त फारसी, आणि भागीदारातला 'दार'सुद्धा. 'सहयोगी राष्ट्र' आणि 'सहभागी राष्ट्र' वापरा.

घाटमाथा: मग हवालदार, फौजदार, जमीनदार सगळ्यांनाच नारळ द्या. आमच्याकडे भागीदारी म्हणजे विहिरीतली. पाळी आली की प्रत्येक जण हजर, मोटर जळली की कुणी फोन उचलत नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणाला याहून नेमका शब्द मिळायचा नाही.

जुनं दप्तर: 'अलायन्स'ला युती हा शब्द आहेच.

शेंगदाणा: युती म्हटलं की जागावाटपच डोळ्यांपुढे येतं हो.

जुनं दप्तर: मूळ ज्योतिषातला अर्थ बघा. डिसेंबर 2020 मध्ये गुरू-शनीची युती झाली, मग दोघे आपापल्या वाटेने गेले. युती ज्यावरून आला त्या 'यु' धातूचे संस्कृत धातुपाठात मिश्रण आणि अमिश्रण असे दोन्ही दिलेत. जोडणं आणि तोडणं एकाच धातूत!

घाटमाथा: क्वाडला सरळ 'चौकडी' का म्हणत नाहीत? 1780 मध्ये नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध पेशवे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले अशी मोट बांधलीच होती. निजाम आणि भोसले ढिले पडले ते सोडा. 1782 मध्ये साल्बाईचा तह झाला.

शुद्धमती: चौकडीच्या आधी चांडाळ आपोआप येतो, म्हणून.

निवांत आजोबा: 'मैत्री'ला एवढं हलकं समजू नका. 9 ऑगस्ट 1971 ला सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराच्या नावातच शांतता, मैत्री आणि सहकार्य होतं. वडिलांनी बातमी मोठ्याने वाचली आणि आईला म्हणाले, "आता कुणी हात लावणार नाही." मी तेव्हा शाळेत होतो.

टिपकागद: पण आजोबा, त्याच्या नवव्या कलमात हल्ला झाल्यास तातडीने सल्लामसलत करायची, एवढंच होतं. नाटोचं पाचवं कलम एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानतं. माझा 'अलाय' तो.

निवांत आजोबा: त्या सल्लामसलतीचं वजन तेव्हाच्यांना विचारा.

शुद्धमती: आणि तरी आपण 'अलिप्त'! अलिप्त राष्ट्रांच्या 1961 च्या बेलग्रेड परिषदेपासून हा शब्द डोक्यात बसलाय. लिप्त म्हणजे माखलेला, अलिप्त म्हणजे संन्यासी. नेहरूंना तटस्थता अभिप्रेत नव्हतीच. हिंदीवाले गुटनिरपेक्ष म्हणतात, ते बरं.

घाटमाथा: अरे वा, हिंदी चालते, फारसी नाही!

शेंगदाणा: आता ब्रिक्समध्ये आपण, शांघाय सहकार्य संघटनेत आपण, क्वाडमध्येही आपण. अलिप्त कसले, सर्वलिप्त! एकाच वेळी अनेक गटांशी जुळवून घेण्याला मल्टी-अलाइनमेंट म्हणतात, त्याला मराठी शब्द मिळाला, मानधन पाठवा.

शुद्धमती: व्याकरणाने चूक नाही, पण ऐकवत नाही.

टिपकागद: मंडळी, लेख गेला. मी 'करारबद्ध मित्र' लिहिलं होतं. "करारबद्ध खेळाडू असतात," म्हणून संपादकांनी पहिला शब्द उडवला, मग पुढचं 'नाही' खटकलं म्हणून तेही. छापून आलंय: "भारत अमेरिकेचा भागीदार व मित्र आहे."

जुनं दप्तर: अरेरे. बरं, दोस्त राष्ट्रांच्या विरुद्ध ती 'अक्ष राष्ट्रे' की 'आस राष्ट्रे'? आमच्या पुस्तकात आस होतं.